बार्शीचा पत्ता

दार उघडणाऱ्या बाईला मी माझं नाव सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडं बघायचं सोडून मागं वळून भिंतीकडं बघितलं.

"काय नाव म्हणालात?"

"वैजयंती साळोखे. कोल्हापूरहून आलेय."

बाई साठीच्या पुढची होती. हातात सूप, सुपात निवडायला घेतलेली तुरीची डाळ. ते सूप तिनं उंबऱ्याच्या बाहेर अलगद टेकवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "आत या. ऊन लई हाय."

बार्शीतली ती गल्ली भर दुपारी एखाद्या बंद शाळेसारखी गप्प होती. दारं लावलेली, माणूस नाही. लांब कुठंतरी डाळमिलची घरघर तेवढी चालू होती. मी चपला काढल्या. उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग हळूहळू खोली दिसायला लागली. कोपऱ्यातली शिवणाची मशीन, तिच्यावर घडी घातलेली चादर, फळीवरची पितळी भांडी. आणि मग ती भिंत.

भिंतीवर चंदनाच्या सालीचा हार घातलेला फोटो होता. पदर डोक्यावरून पुढं ओढलेली तिशीतली बाई. फोटोखाली रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं, कै. वैजयंती अजित साळोखे.

अजित म्हणजे माझा नवरा.

मी इथवर कशी आले ते आधी सांगायला हवं. फुलेवाडीत आम्ही एक फ्लॅट बघितला होता. अजित शिरोलीच्या एका फौंड्रीत होता, मी दूधसंघाच्या ऑफिसात. दोघांचे पगार धरून कर्ज सहज बसत होतं. बुकिंगचे पैसेही भरून झाले होते. कर्जाच्या बँकेतल्या शिरगुप्पे मॅडमनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही बार्शीला कधी होता?"

"कधीच नाही. मी बार्शी बघितलेलीसुद्धा नाही."

"मग हे कार्ड?"

दुसऱ्याच एका बँकेचं क्रेडिट कार्ड माझ्या नावावर निघालेलं होतं. पत्ता बार्शीचा. वर्षभर बिल थकलेलं, त्यावर व्याज, दंड. कर्ज नामंजूर झालं.

मी कार्डाच्या बँकेकडं तक्रार केली. हेलपाटे घातले, अर्ज दिले. शेवटी तिथल्या साहेबांनी मूळ फॉर्मची प्रत समोर ठेवली. पॅन नंबर माझा. फोटो माझा, लग्नानंतर लगेच काढलेला. आणि खाली सही. माझ्या सहीतला 'व' मी वरून खाली न काढता खालून वर नेते. तसाच होता. क्षणभर मला वाटलं, ही सही मीच केली असणार.

"कुणीतरी फसवलंय," मी म्हणाले.

"ही बिलं बघा," साहेब म्हणाले. "गहू, वह्या, शिवणाची मशीन, लहान मुलीचे बूट. आणि वर्षानुवर्षं प्रत्येक बिल तारखेच्या आधी भरलेलं. मॅडम, चोर कधी बिलं भरतो का?"

मी तो फॉर्म त्यांच्याकडं परत सरकवला.

"दोन गोष्टी आणा. पोलिसांत तक्रार, आणि त्या पत्त्यावरच्या घरमालकाचं प्रतिज्ञापत्र, की इथं राहणारी बाई तुम्ही नव्हता. मग ही नोंद आम्ही काढून टाकू."

त्या रात्री जेवताना अजितनं मध्येच विचारलं होतं, "तू नक्की बार्शीला गेलेली नाहीस ना?" मी त्याच्याकडं बघितलं. तो हसत नव्हता.

म्हणून मी कुर्डुवाडीमार्गे एकटीच बार्शीला आले होते. पर्समध्ये वकिलानं लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र होतं, फक्त सही बाकी.

"बसा," बाई म्हणाली. "मी मालन काशीद. घर माझंच. ती मागल्या खोलीत भाड्यानं राहायची. नंतर भाडं कसलं, माझ्यातच असायची." ती माझ्या समोर बसली, पण जरा लांब. "एक विचारू? तुमच्या भावाचं नाव काय?"

"प्रताप. का?"

"बोलताना अडखळतो का?"

"लहानपणी अडखळायचा."

"वडील पोस्टात?"

"हो."

"पुरात म्हैस वाहून गेली आन् चार दिसांनी आपली आपण दारात येऊन उभी राहिली?"

आमच्या माहेरची ती म्हैस. पाणी उतरल्यावर पहाटे दारात येऊन हंबरली होती. शेपटीला जलपर्णी गुंडाळलेली. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मालनबाईंनी फोटोकडं हात केला. "तिनंच. माझं माहेर म्हणून सांगायची. इतकं सांगायची की मला ते घर डोळ्यांपुढं दिसायचं. परड्यातलं रामफळाचं झाड. न्हाणीच्या दगडाला पडलेली चीर."

न्हाणीच्या दगडाला चीर होती.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मी दचकले. मालनबाईही दचकल्या.

"कुणाचा?"

"माझ्या मिस्टरांचा."

"नाव काय त्यांचं?"

"अजित."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. फोन वाजून वाजून थांबला. मी उचलला नाही.

"ती म्हणायची, मालक फौंड्रीत होते, अपघातात गेले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दर भाद्रपदात पान वाढायची त्यांच्या नावानं. वर गच्चीत ठेवायची. कावळा लगेच शिवायचा. एकदाबी ताटकळलो न्हाई आम्ही."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. दार उघडंच होतं, बाहेर पांढरंशुभ्र ऊन होतं, पण मी उठले नाही.

"घाबरू नका," मालनबाई म्हणाल्या. मग आतल्या दाराकडं वळून त्यांनी हाक मारली, "वारणे, पाव्हण्यांना पाणी आण गं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

आतून तांब्या घेऊन एक मुलगी आली. सहा-सात वर्षांची, सडपातळ, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. तिनं तांब्याभांडं माझ्यापुढं ठेवलं आणि दाराला टेकून माझ्याकडं एकटक बघत उभी राहिली.

"हिचं नाव काय म्हणालात?"

"वारणा. तिच्या आईनं ठेवलं. मी म्हटलं, नदीचं नाव हाय, गंगा ठेव, गोदा ठेव, हे कसलं? तर म्हणाली, हिचं नाव आधीच ठरलंय."

मी भांडं उचललं आणि न पिताच खाली ठेवलं. ते नाव मी अजितलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आईला नाही, कुणालाच नाही. ते मी आयुष्यात एकाच ठिकाणी तोंडानं उच्चारलं होतं.

मी उठून फोटोजवळ गेले. पदराच्या सावलीत नीट दिसत नव्हतं म्हणून लांबून लक्षात आलं नव्हतं. बाईच्या डाव्या गालावरून मानेपर्यंत कातडी आवळलेली, चकाकती होती.

"भाजली होती का?"

"स्टो भडकला म्हणायची. मी जास्त विचारलं न्हाई. सांगताना तिचा आवाज बदलायचा."

"मिरजेच्या दवाखान्यात होती?"

मालनबाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्हांला कसं ठावं?"

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात मूल गेलं. मिरजेला दवाखान्यात होते. ताप उतरत नव्हता म्हणून मला बरेच दिवस ठेवून घेतलं होतं. शेजारच्या खाटेवर एक बाई होती. खरं तर तिची जागा भाजलेल्यांच्या वॉर्डात, पण पोटुशी होती म्हणून आमच्याकडं आणलेली. तोंड, मान, हात सगळं पट्ट्यांत. उघडे फक्त डोळे. ती कुणाशी बोलत नव्हती. संध्याकाळी दोन पुरुष वॉर्डाच्या दाराशी यायचे आणि सिस्टरला विचारायचे, "काही बोलली का?" सिस्टर मान हलवायची. ते निघून जायचे. ती डोळे मिटून पडलेली असायची, पण त्यांची पावलं दूर गेली की डोळे उघडायची.

मला त्या दिवसांत झोप नव्हती. अजित कामावर, आई घरी. मी तिच्याशी बोलत बसायचे. ती उत्तर देणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच बोलता येत होतं. माहेरचं सगळं सांगितलं. म्हैस, प्रताप, रामफळ, न्हाणी. अजितचं सांगितलं, तो कसा हसतो, त्याच्या हातावर लोखंडाच्या ठिणग्यांचे कसे डाग आहेत. एका रात्री सांगितलं की माझी मुलगी होती, आणि मी तिचं नाव वारणा ठेवणार होते. त्यावर तिनं पट्टी बांधलेला हात हळूहळू उचलला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. तेवढंच तिचं माझ्याशी झालेलं बोलणं.

घरी आल्यावर, दवाखान्यात उशाशी ठेवलेली विम्याच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी सापडली नाही. आत पॅन कार्डाच्या झेरॉक्स होत्या, दोन फोटो होते, माझ्या सहीचे अर्ज होते. मी पुन्हा झेरॉक्स काढल्या आणि विसरून गेले.

तिचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला तो त्या दुपारी, हाराच्या आत.

मी हे सांगत होते तेव्हा मालनबाई हलल्या नाहीत. वारणा तशीच दाराला टेकून उभी होती. मालनबाईंनी तिला, "जा, डाळीवर चिमण्या बसतील, बघ जरा," म्हणून बाहेर धाडलं.

"तिचं खरं नाव काय होतं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? माझ्यासाठी वैजयंतीच. इथं कापडदुकानात हिशेबाला लागली, घरी ब्लाऊज शिवायची. कुणाचा एक रुपया ठेवला न्हाई. एकदा दोघं जण आले हुते. भगवंताच्या देवळापाशी विचारत फिरत हुते, भाजलेली बाई बघितली का म्हणून. त्या दिवसापासनं ती तोंड बांधल्याबिगर बाहेर पडली न्हाई."

"आणि मग?"

"मग पोटात गाठ निघाली. सोलापूरला नेली. औषधपाणी त्या कार्डावर केलं. डॉक्टरनं घरी न्या म्हटल्यावर घरी आणली." त्यांची नजर शिवणाच्या मशीनकडं गेली. "पैसे हुते तिच्याकडं. मशीनच्या खणात डबा हाय, अजून तसाच हाय. मी म्हटलं, आण, मी भरून टाकते कार्डाचं बिल, आजवर कधी चुकवलं न्हाईस. तर माझा हात धरला तिनं. म्हणाली, भरू नका. मी गेले हेबी बँकेला कळवू नका."

"का?"

"मीबी विचारलं. म्हणाली, भरलं तर ती यायची न्हाई."

डाळमिलची घरघर अचानक थांबली होती. कधी थांबली ते मला कळलं नव्हतं.

"ती कोण, म्हटलं. तर म्हणाली, येईल तेव्हा नाव सांगेल."

मी खाली बसले.

"वर्ष झालं," मालनबाई म्हणाल्या. "वसुलीची माणसं आली, दोनदा. बाप्येच आले. तरी मी प्रत्येकाला नाव विचारलं. शिव्या देऊन गेले, तरी विचारलं. घर सोडून गेली म्हणून सांगितलं त्यांना. शेवटी सोलापूरला पुन्हा नेली, तिथंच गेली. दवाखान्यानं मेल्याचा दाखला दिलाय, त्योबी कुणाला दाखवला न्हाई. रोज दुपारी दारापाशी बसत आले."

मी पर्स उघडली आणि प्रतिज्ञापत्र काढलं. मी कशासाठी आले होते ते त्यांना सांगायला हवं होतं. मी वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यावर सही केली तर तुमचं नाव सुटंल?"

"हो."

"पोलीस येतील?"

"येतील. चौकशी होईल."

"ह्या पोरीचा बाप कोण, ते हुडकतील."

"हुडकतील."

मालनबाईंनी बाहेर बघितलं. वारणा अंगणात सुपापाशी बसून, हात हवेत फिरवून चिमण्या उडवत होती. एकही चिमणी नव्हती.

"आणा पेन," त्या म्हणाल्या. "तुमचं नुकसान आम्ही केलंय. मला वाचाया येत न्हाई, पण सही येते. तिनंच शिकवली."

मी पेन दिलं. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, पेनचं टोक टेकवलं आणि 'मा' काढायला सुरुवात केली. त्यांनी ते अक्षर खालून वर नेलं.

मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला.

निघताना त्यांनी डबा पुढं केला. तो मी घेतला नाही. वारणा फाटकापर्यंत आली. मी वळणावर मागं बघितलं तेव्हा ती तिथंच होती, आणि घराच्या सावलीत तिच्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. मालनबाई असतील. पण त्या तर उजवीकडं, तुळशीपाशी होत्या.

अजित मला स्टँडवर घ्यायला आला होता. घरी जाईपर्यंत मी सगळं सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"माझं श्राद्ध घालायची?"

"हो."

"कावळा शिवायचा?"

"लगेच."

तो कितीतरी वेळ हातावरचे ठिणग्यांचे डाग अंगठ्यानं चोळत बसला. मग म्हणाला, "बुकिंगचे किती परत मिळतील, उद्या विचारतो."

बिल्डरनं थोडे कापून परत दिले. ते घेऊन मी कार्डाच्या बँकेत गेले. साहेबांनी माझी जुनी तक्रार काढली.

"म्हणजे तक्रार मागं घेताय?"

"हो."

"तडजोड करायची असेल तर थोडी सूट मिळेल. पण मग रिपोर्टमध्ये तसा शेरा राहतो."

"पूर्ण भरायचेत. खातं बंद झालं, एवढंच लिहून द्या."

"कार्ड तुमचंच होतं, असं लिहून द्यावं लागेल."

"देते."

"बार्शीला तुम्ही राहत होता?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. "मागं तुम्ही तक्रारीत लिहून दिलंत की बार्शी बघितलेलीसुद्धा नाही. मग आता सांगा, इतकी वर्षं नीट भरत होता, मध्येच बिलं का थांबवली?"

"आजारी होते."

"आणि आता?"

"आता बरी आहे," मी म्हणाले, आणि सही केली.

थकबाकी नसल्याचं पत्र मिळालं. रिपोर्टमधली थकबाकी गेली, पण उशिराचे डाग राहिले. ते जायला वर्षं लागली. दूधसंघाच्या सोसायटीतून छोटं कर्ज काढायचं, वेळेवर फेडायचं, पुन्हा काढायचं. अशानं नाव हळूहळू सुधारलं. फुलेवाडीचा फ्लॅट दुसऱ्याच कुणीतरी घेतला. आम्ही भाड्याच्या घरातच राहिलो. सोलापूरचा मृत्यूचा दाखला मालनबाईंनी पुढं माझ्याकडं दिला. तो माझ्या कपाटात आहे, माझ्या लग्नाच्या दाखल्याखाली.

दर सुट्टीत आम्ही बार्शीला जात राहिलो. पुढं मालनबाईंना दिसेनासं झालं, त्यांचा भाचा त्यांना लातूरला न्यायला आला, तेव्हा त्यांनीच फोन केला. "आता घेऊन जावा," एवढंच म्हणाल्या.

त्या जूनमध्ये वारणाचं नाव कोल्हापूरच्या शाळेत घालायला आम्ही तिघं गेलो. कारकुनानं बार्शीच्या शाळेचा दाखला वाचला, माझं आधार कार्ड बघितलं, आईचं नाव ताडून पाहिलं. मग त्याचं बोट थांबलं.

"इथं वडील मयत लिहिलंय."

"मी आहे," अजित म्हणाला.

"कोण?"

"मयत." त्यानं स्वतःचं लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "साळोखे, अजित. चुकून लिहिलंय ते."

कारकुनानं लायसन्सवरचा फोटो बघितला, अजितकडं बघितलं आणि नव्या फॉर्मवर तो शब्द वगळला. पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं. तो टेबलावरून पुढं वाकला आणि बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या वारणाला त्यानं विचारलं, "काय गं, ही तुझी आई का?"

वारणानं माझ्याकडं बघितलं. पहिल्या दिवशी दाराला टेकून बघत होती तसंच, पापणी न हलवता.

"नाव तेच आहे," ती म्हणाली.